आख्यान आणि खेळणाऱ्याची निवड
महाभारतातील नलकथा रघुनाथ पंडिताच्या हाती स्वतंत्र आख्यान झाली. ‘टेल्टेल’ या अमेरिकन कंपनीचा ‘टेल्स फ्रॉम द बॉर्डरलँड्स’ (२०१४-१५) हा पाच भागांचा संगणकीय खेळही २००९ च्या ‘बॉर्डरलँड्स’ या नेमबाजीच्या खेळातून असाच फुटून निघाला. त्यात संवाद प्रधान आहे. रीस व फिओना एका मुखवटाधारी अपहरणकर्त्यास घडून गेलेली हकीकत सांगतात. त्या हकीकतीतील त्यांची उत्तरे मात्र खेळणारा ठरवतो. साहजिकच निवड होते ती भूतकाळाची! वेताळाला विक्रमाने दिलेले उत्तर संहितेत पक्के असते. येथे ते मोकळे आहे. तरीही खेळणाऱ्यास सहलेखक म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्याचे स्थान कीर्तनकाराजवळचे, कारण कथेचे मुख्य टप्पे फारसे ढळत नाहीत. अखेरच्या लढाईत सोबतीला कोण मिळू शकेल, हे मात्र आधीच्या निवडींवर अवलंबून राहते.