मारुतीच्या देवळामागचं घर

सांगलीच्या एका वाचकांनी विचारलंय : ‘मुलाचा जुना लॅपटॉप पडून होता. त्यावर घरातले सगळे फोटो ठेवले, तो वायफायला जोडला आणि कुणाच्याही मोबाइलवर बघता येतील अशी सोय केली. पण पान उघडलं की आधी लाल त्रिकोण दिसतो आणि पुढं धोका असल्याची सूचना येते. लॅपटॉप माझ्या कपाटावर, मोबाइल माझ्या हातात, मध्ये एक भिंत. चोर नेमका उभा कुठं आहे?’

प्रश्न रास्त आहे. ‘मध्ये एक भिंत’ हे तर मला फारच आवडलं. पण ब्राउझरला चोर दिसलेलाच नाही. कपाटावरचा लॅपटॉप त्याच्या ओळखीचा नाही, एवढंच. अनोळखी माणसाशी तो दाराची साखळी न काढता बोलतो.

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. एक कुलूप आणि दुसरी ओळख. कुलूप तुमच्याकडे आहेच. फोटोंचं ते सॉफ्टवेअर बहुधा बसवतानाच स्वतःपुरतं एक सर्टिफिकेट बनवून घेतं, आणि त्याच्या जोरावर होणारी सांकेतिक देवाणघेवाण बँकेच्या संकेतस्थळाइतकीच भक्कम असते. अडचण अशी की त्या सर्टिफिकेटवर सही त्याची स्वतःचीच. ‘मी मीच आहे, हे मी प्रमाणित करतो.’ शाळेच्या दाखल्याच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का मिळवण्यासाठी आमच्या पिढीनं किती खेटे घातले! आता सरकार स्वयंसाक्षांकित प्रती चालवून घेतं. ब्राउझर मात्र अजून जुन्या वळणाचा हेडक्लार्क आहे.

आणि घरात तरी कोण असणार, असं म्हणू नका. त्याच वायफायवर पाहुण्यांचे मोबाइल आहेत, स्मार्ट टीव्ही आहे, स्वस्तात घेतलेला आणि कधीच अपडेट न झालेला कॅमेरा आहे. यातला एखादा बिघडलेला सोबती ‘मीच तो लॅपटॉप’ म्हणून मध्ये उभा राहिला, तर तुमचा पासवर्ड त्याच्या हातात पडेल. कुलूप लागलेलंच असेल, फक्त ते चोराच्या दाराचं असेल.

ही दुसऱ्याच्या सहीची कल्पना मुळात कुणाची, हा माझा आवडता विषय असल्यानं जरा वाट वाकडी करतो. १९७६च्या नोव्हेंबरात व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांचा तो प्रसिद्ध निबंध आला. प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असाव्यात, एक जाहीर आणि एक गुप्त, म्हणजे कधीही न भेटलेली माणसंही गुपितं बोलू शकतील. पुढच्या वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ते प्रत्यक्ष कसं करायचं याचं गणित शोधलं, तेच आरएसए. डिफी-हेलमन यांना २०१५चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, आरएसएच्या त्रयीला २००२चं. ही नावं पाठ्यपुस्तकांत आहेत.

पण या जाहीर किल्ल्या जाहीर करायच्या कुठं? उत्तर होतं, टेलिफोन डिरेक्टरीसारख्या एका सार्वजनिक वहीत. म्हणजे कुणाशीही बोलायचं तर आधी वहीला विचारायचं. साऱ्या जगानं दिवसभर एकाच वहीपाशी रांग लावायची. शिवाय ‘मीच ती वही’ असं सांगत कुणी भामटा मध्ये आला, तर सगळंच मुसळ केरात.

मे १९७८मध्ये एमआयटीतल्या लॉरेन कोनफेल्डर नावाच्या विद्यार्थ्यानं यावर तोड काढली. डॉक्टरेटच्या प्रबंधात नव्हे, पदवीच्या. मार्गदर्शक होते आरएसएमधले एडलमन. तोड इतकी साधी की वाचल्यावर आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. वहीला सारखं विचारायला जाऊच नका. वहीवाल्यानं तुमच्या नावाची आणि किल्लीची तेवढी ओळ एका चिठ्ठीवर लिहावी, खाली स्वतःची सही करावी आणि चिठ्ठी तुम्हालाच देऊन टाकावी. तुम्ही ती खिशात घेऊन हिंडा, भेटेल त्याला दाखवा. समोरच्याला वहीवाल्याची सही ओळखता आली की पुरे. या चिठ्ठीला त्यानं ‘सर्टिफिकेट’ म्हटलं, आणि तेच नाव टिकलं.

आज कुणीही मोबाइलवरून वीजबिल भरलं की या मुलाच्या कल्पनेवरूनच पैसे जातात. तरी ट्युरिंग पारितोषिक सोडाच, बहुतेक पुस्तकांत त्याच्या वाट्याला तळटीपसुद्धा येत नाही. नंतर कोनफेल्डर मायक्रोसॉफ्टमध्ये सुरक्षेचं काम करत होते. पुढं १९८८मध्ये दूरसंचार मानकं ठरवणाऱ्यांनी सर्टिफिकेटचा साचा पक्का केला, एक्स.५०९. गंमत म्हणजे तो साचा एका अवाढव्य जागतिक डिरेक्टरीचा भाग म्हणून लिहिला गेला. डिरेक्टरी टाळण्यासाठी शोधलेली चिठ्ठी पुन्हा डिरेक्टरीत नेऊन चिकटवली! ती जागतिक डिरेक्टरी कधी नीट उभीच राहिली नाही. चिठ्ठी उरली.

सहीचं म्हणाल, तर आपल्याकडे त्यासाठी शब्द तयार आहे : शिक्कामोर्तब. जुन्या मराठी पत्रांत मुद्रा पत्र कुणाचं ते सांगे, आणि मजकूर संपतो तिथं उमटवलेलं छोटं मोर्तब सांगे की आता यापुढं एक अक्षरही नाही. खाली कुणी दोन ओळी घुसडायला नकोत! अंकीय सही ही दोन्ही कामं एकदम करते, आणि मोर्तबाच्या एक पाऊल पुढं जाते. शेवटालाच नव्हे, मधल्या एका स्वल्पविरामाला हात लावला तरी ती मोडते.

तर मग सांगलीच्या लॅपटॉपला अशी चिठ्ठी कुणी द्यायची? ब्राउझर आणि मोबाइल यांच्या पोटात शंभराहून अधिक वहीवाल्यांच्या सह्या आधीच ठेवलेल्या असतात. त्यांच्यातल्या एकाकडे जावं तर तो विचारतो, पत्ता काय? तुम्ही सांगता, १९२.१६८.१.५. आणि तो हात जोडतो.

कारण हा पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागचं घर’ आहे. गावात तो अचूक आहे, पोस्टमन डोळे मिटून जाईल. पण मारुतीचं देऊळ कुठल्या गावात नाही? (पाथर्डी तालुक्यातल्या नांदूर निंबादैत्यमध्ये नाही, तिथं दैत्याची पूजा होते आणि मारुती वर्ज्य, पण तो अपवाद झाला.) १९२.१६८नं सुरू होणारे ६५,५३६ पत्ते खासगी जाळ्यांसाठी मोकळे सोडलेले आहेत, १९९६च्या फेब्रुवारीत ठरलेला नियम आहे तो. हेच पत्ते तुमच्या घरात, माझ्या घरात आणि लिस्बनच्या एखाद्या हॉटेलातही आहेत. अशा पत्त्याची जगन्मान्य चिठ्ठी तुम्हाला दिली, तर ती खिशात घालून तुम्ही लिस्बनला जाल आणि तिथल्या राउटरचं सोंग घ्याल. तरीही ‘मेल’, ‘सर्व्हर’ असल्या कुठल्याही कचेरीत चालतील अशा नावांना पैसे घेऊन सर्टिफिकेटं देण्याचा धंदा बरीच वर्षं चालला. नोव्हेंबर २०१५मध्ये तो नियमानं बंद झाला.

आता वाटा उरतात दोन.

पहिली, आपणच वहीवाले व्हायचं. हे ऐकायला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. ओपनएसएसएल हे फुकट साधन आहे. त्याच्या आज्ञा पाठ करण्याचा कंटाळा असेल तर फिलिप्पो वालसोर्दा यांचं एमकेसर्ट हेच काम दोन ओळींत उरकतं. आधी घराण्याची एक मूळ किल्लीजोडी बनवायची. तिच्यातल्या गुप्त किल्लीनं लॅपटॉपच्या सर्टिफिकेटवर सही करायची. मग मूळ सर्टिफिकेट घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये नेऊन सांगायचं, बाबा रे, ही सही मानत जा. दमणूक होते ती याच टप्प्यात. आयफोनमध्ये सर्टिफिकेट बसवलं तरी पुरत नाही, सेटिंगच्या आत खोल जाऊन त्यावर विश्वास असल्याचं वेगळं बटण दाबावं लागतं. अँड्रॉइड ब्राउझरपुरतं ऐकतो, पण २०१६च्या सातव्या आवृत्तीपासून बाकीची बहुतेक ॲप्स तुम्ही घातलेल्या सहीकडे ढुंकून पाहत नाहीत. फायरफॉक्सची वही पूर्वापार वेगळी. सर्टिफिकेटमध्ये नाव ‘पर्यायी नावं’ या रकान्यातच लिहा. वरच्या मुख्य नावाकडे क्रोमनं २०१७मध्येच पाठ फिरवली. आणि नावाला शेवटी ‘.इंटर्नल’ लावा. जुलै २०२४मध्ये हे आडनाव खासगी जाळ्यांसाठी कायमचं राखून ठेवलंय. मनाला येईल ते आडनाव लावलं की काय होतं, ते ‘.डेव्ह’ वापरणाऱ्यांना विचारा. ते गूगलनं विकत घेतलं आणि २०१७च्या अखेरीस असंख्य प्रोग्रॅमरांची घरगुती पानं एका सकाळी उघडेनाशी झाली.

या वाटेवर एक खड्डा आहे, आणि इंटरनेटवरच्या सोप्या कृती तो बिनदिक्कत ओलांडून जातात. घरच्या मूळ किल्लीला तुमच्या लॅपटॉपपुरतीच सही करता येते असं नाही. ती कुणाच्या हाती लागली, तर तो तुमच्या बँकेच्या नावाचं सर्टिफिकेट बनवील आणि तुमच्या घरातले सगळे मोबाइल ते मुकाट्यानं मान्य करतील. फोटो वाचवायला गेलो आणि तिजोरीच उघडी टाकली, असं व्हायला नको. म्हणून मूळ किल्ली त्या लॅपटॉपवर कधीही ठेवू नये. मूळ सर्टिफिकेट बनवतानाच ‘अमुक आडनावापुरतीच सही ग्राह्य’ अशी मर्यादा घालता येते, तीही घालावी.

दुसरी वाट, वर्षाला काही शे रुपये भरून खरंखुरं नाव विकत घ्यायचं, म्हणजे डोमेन. मग लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था सर्टिफिकेट फुकट देते, कुठल्याही मोबाइलमध्ये काही बसवावं लागत नाही. २०१५पर्यंत असं सर्टिफिकेट बहुधा विकतच घ्यावं लागे. ब्राउझरच्या पत्त्यापाशी हिरवी पट्टी उमटवणारं आणखी महाग. पुढं ब्राउझरवाल्यांच्याच लक्षात आलं की त्या हिरव्या पट्टीकडे कुणी बघतच नाही, आणि २०१९मध्ये क्रोमनं ती काढून टाकली. चार वर्षांनी कुलपाचं चिन्हही गेलं, कारण भामट्यांच्या पानांवरही कुलूप असतंच. सर्टिफिकेट सांगतं की हे दार अमक्याचंच आहे. अमका सज्जन आहे असं ते कधीच सांगत नव्हतं.

पण लॅपटॉप तर घरात, बाहेरून दिसतच नाही. आपल्याकडच्या कित्येक इंटरनेट जोडण्यांवर घराला स्वतःचा बाहेरचा पत्ताही नसतो, सगळी आळी एकाच पत्त्याआड. मग संस्था तुम्हाला तपासणार कशी? ती घरी येतच नाही. ती म्हणते, नाव तुमचं ना, मग त्या नावाच्या सार्वजनिक नोंदीत मी सांगते तो अक्षरांचा गुंता लिहून दाखवा. तुम्ही लिहिता, ती वाचते, चिठ्ठी देते. त्या नावाचा पत्ता म्हणून खुशाल १९२.१६८.१.५ लिहा, चालतं. (काही राउटर असं उत्तर संशयानं गिळून टाकतात, सेटिंगमध्ये सूट द्यावी लागते.)

एक सावधगिरी मात्र हवी. असं प्रत्येक सर्टिफिकेट एका जाहीर खतावणीत नोंदवलं जातं आणि ती खतावणी कुणालाही चाळता येते. ‘बाळाचे-फोटो’ किंवा ‘दारावरचा-कॅमेरा’ असं नाव ठेवलंत, तर घरात काय काय आहे त्याची यादीच चव्हाट्यावर. त्याऐवजी सगळ्या उपनावांना मिळून चालणारं, तारांकित सर्टिफिकेट घ्यावं.

या खतावणीला कारण झाली एक फजिती. २०११मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या वहीवाल्याकडे घुसखोर शिरले, पाचशेहून जास्त खोटी सर्टिफिकेटं बाहेर पडली आणि त्यांतलं गूगलच्या नावाचं इराणमधल्या लोकांची मेल वाचायला वापरलं गेलं. महिनाभरात कंपनीचं दिवाळं वाजलं. आपणही मागं नव्हतो. जुलै २०१४मध्ये गूगलच्याच नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं सापडली, ती आपल्या सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून निघालेली. विंडोज ती सही मानत होतं, फायरफॉक्स मानत नव्हता, म्हणून त्याचे वापरणारे वाचले. त्यानंतर क्रोमनं भारत सरकारच्या मूळ सहीची हद्दच आखून दिली : सरकारी आणि मोजक्या इतर नावांपुरतीच चालेल. वर घरच्या किल्लीला जी मर्यादा घालायला सांगितली, ती हीच.

सांगलीच्या वाचकांनी कुठली वाट धरावी? लग्नाकार्याला जमणाऱ्या नातेवाइकांनाही फोटो दाखवायचे असतील तर दुसरी. पन्नास मामा-मावश्यांच्या मोबाइलमध्ये सही बसवत फिरण्यापेक्षा डोमेनचे पैसे भरलेले परवडतात. फक्त नूतनीकरण यंत्रावर सोपवा. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि एप्रिल २०२५मध्ये ब्राउझर कंपन्या आणि वहीवाल्यांनी मिळून ठरवलंय की मार्च २०२९पासून कुठलंही जाहीर सर्टिफिकेट ४७ दिवसांहून जास्त टिकणार नाही. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून लक्षात ठेवण्याचं काम नव्हे.

मी स्वतः पहिल्या वाटेनं गेलो, हौस म्हणून. लॅपटॉपला एक वर्षाचं सर्टिफिकेट दिलं आणि विसरलो. ते संपलं नेमकं भाऊबीजेला. बहीण आजीचे फोटो बघायला बसलेली, आणि मोबाइलवर लाल त्रिकोण. ‘तुझ्या घरात धोका आहे म्हणतोय हा,’ ती म्हणाली. ताटातली जिलेबी तशीच टाकून मी मूळ किल्लीचा पेनड्राइव्ह शोधायला उठलो. तो कपाटात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांच्या फाइलीत सापडला. आता तो एका खाकी पाकिटात असतो, आणि पाकिटावर बायकोनं ठळक अक्षरात लिहून ठेवलंय : यात गाणी भरू नयेत.