मार्चचे कर्ज आणि सप्टेंबरचे कर्ज

बारा महिन्यांच्या आत फेडायचे ते अल्पमुदतीचे कर्ज. शेअर बाजारात नोंदलेल्या छोट्या कंपनीत ते बहुधा तीन रूपांत दिसते: बँकेचे कॅश क्रेडिट, गोदामातल्या मालावर उचललेले मालतारण कर्ज आणि जुन्या मुदत कर्जाचे यंदा भरायचे हप्ते. मोठ्या कंपन्या कमर्शियल पेपर काढून बाजारातून पैसा उभा करतात. छोट्यांना ती वाट सहसा मिळत नाही, त्यांची सारी भिस्त एक-दोन बँकांवर असते. नफा घटला तर अशी कंपनी एखाददुसरे वर्ष रेटून नेते. बँकेने हात आखडता घेतला तर कच्चा माल घ्यायलाही पैसा उरत नाही. तरीही बहुतेक गुंतवणूकदार नफ्याचा आकडा वाचून वार्षिक अहवाल मिटतात.

हे कर्ज समजून घ्यायला साखरधंद्याइतका उघडा नमुना दुसरा नाही. भंडारदऱ्याचे विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस उभा राहिला. 1933 मध्ये महादेव दहाणूकर यांनी श्रीरामपूरजवळ महाराष्ट्र शुगर मिल्स ही कंपनी काढली. प्रवराकाठचे सहकारी कारखाने नंतरचे, आणि त्यांचे भाग बाजारात विकत मिळत नाहीत. पण साखरेच्या खासगी कंपन्या शेअर बाजारात आहेत आणि पैशाचे चक्र दोघांचे सारखेच. धरण पावसाळ्यात भरते आणि आवर्तने सोडता सोडता उन्हाळ्यात खाली जाते. साखर कंपनीचे कर्ज नेमके उलटे: गळीत हंगामात चढते, पावसाळ्यात उतरते.

हिशेब मांडून पाहता येईल. एखाद्या कारखान्याने हंगामात 5 लाख टन ऊस गाळला असे धरू. 2024-25 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) टनाला 3,400 रुपये होती, म्हणजे उसापोटी 170 कोटी रुपये. कायद्याने हे पैसे ऊस आल्यापासून 14 दिवसांत चुकते करायचे. साखर मात्र 51 हजार टन तयार होते आणि ती विकायला वर्ष लागते, कारण महिन्याला किती विकायची याचा कोटाही केंद्र सरकारच ठरवते. त्यातली 25 हजार टन साखर मार्चअखेर गोदामात पडून असेल आणि भाव क्विंटलला 3,600 असेल, तर त्या पोत्यांची किंमत 90 कोटी. बँकेने 15 टक्के दुरावा (मार्जिन) ठेवला तर साडेशहात्तर कोटींचे कर्ज मिळते. 31 मार्चच्या ताळेबंदात हे कर्ज पाहून नवखा गुंतवणूकदार दचकतो. दचकण्याचे कारण नाही. त्यासमोर साखर आहे, ती विकली की कर्ज फिटते. भाव 3,300 वर आला तर मात्र त्याच पोत्यांवर 70 कोटीच मिळतात आणि वरचे साडेसहा कोटी कंपनीला दुसरीकडून आणून भरावे लागतात. साखर कारखान्यांच्या बोलीत याला ‘शॉर्ट मार्जिन’ म्हणतात. कित्येक कारखान्यांचे दुखणे इथूनच सुरू होते.

म्हणून एकट्या मार्चच्या आकड्यावर निकाल देऊ नये. सूचीबद्ध कंपनीला सप्टेंबरच्या निकालांबरोबर सहामाही ताळेबंदही द्यावा लागतो. साखरेसारख्या हंगामी धंद्यात सप्टेंबरला साठा आणि कर्ज दोन्ही उतरलेले असले पाहिजेत. साठा संपला आणि कर्ज तसेच राहिले, तर तो पैसा मालात नाही. तो तोट्यात गेला, जुन्या येणीत अडकला किंवा यंत्रसामग्रीत घातला गेला. हा शेवटचा प्रकार फार धोक्याचा. वर्षाच्या मुदतीचा पैसा दहा वर्षांनी फळ देणाऱ्या कामात घातला की दर वर्षी बँकेच्या नूतनीकरणावर जीव टांगलेला राहतो. 2018 मध्ये आयएल अँड एफएससारखा बलाढ्य समूह कोलमडला त्यातही लांब मुदतीचे प्रकल्प आणि थोड्या मुदतीचा पैसा हीच विसंगती होती.

सुदैवाने हे शोधायला आता फार उकरावे लागत नाही. 2021 पासून कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे मुदत कर्जाचे यंदाचे हप्ते अल्पमुदतीच्या कर्जातच दाखवावे लागतात. पूर्वी ते ‘इतर देणी’त दडून बसत. येणी किती जुनी आहेत याचा तक्ताही टिपांमध्ये असतो. त्याहून मोलाचे लेखापरीक्षकाच्या अहवालाचे परिशिष्ट. थोड्या मुदतीचा पैसा लांब मुदतीच्या कामाला वापरला का, परतफेडीत कसूर झाली का, 5 कोटींवर खेळत्या भांडवलाची मर्यादा असेल तर बँकेला दिलेली तिमाही साठापत्रके कंपनीच्या वहीशी जुळतात का, या प्रश्नांना तिथे नेमके उत्तर द्यावे लागते. बँकेला दाखवलेला साठा वहीतल्यापेक्षा जास्त निघाला, तर पुढची पाने वाचण्याची गरज क्वचितच उरते.

चालू मालमत्ता चालू देण्यांच्या 1.33 पट असावी हा प्रसिद्ध दंडक 1975 च्या टंडन समितीच्या अहवालातून आला. तो उपयोगी आहे, पण आंधळा आहे. दोन वर्षे थकलेले येणेही त्यात चालू मालमत्ता म्हणून मिरवू शकते.

प्रवराकाठच्या त्या 1933 च्या कंपनीचीच पुढची कथा पाहण्यासारखी आहे. साखर मागे पडली, मद्यनिर्मिती मुख्य झाली आणि नाव टिळकनगर इंडस्ट्रीज झाले. तिचे मोठे ग्राहक दक्षिणेतील राज्यांची मद्य महामंडळे, म्हणजे पैसे त्यांच्या सवडीने येणार. 2010 नंतरच्या दशकात कंपनीची कर्जे थकली, त्यांचा मोठा भाग एडलवाइसच्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीकडे गेला आणि पुढे कर्जाची फेररचना झाली. कंपनीच्या मॅन्शन हाउस ब्रँडीला गिऱ्हाईक होतेच. अडले होते ते खेळते भांडवल. नंतर नवे भांडवल आले, कर्ज उतरत गेले आणि जुलै 2025 मध्ये याच कंपनीने पर्नो रिकार्डकडून इम्पीरियल ब्लू हा व्हिस्कीचा व्यवसाय सुमारे 4,150 कोटींना घेण्याचा करार जाहीर केला. तेव्हा थकीत कर्ज म्हणजे शेवटच असे नाही. पण मधल्या वर्षांत ज्याने शेअर विकला, त्याच्या वाट्याला बहुधा तोटाच आला.

कंपनीबाहेरचा एक साक्षीदार पतमानांकन संस्था. क्रिसिल, इक्रा, केअर यांची टिपणे त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट वाचता येतात. थोड्या मुदतीच्या कर्जाला ए1 ते ए4 आणि कसूर झाली की डी असे मानांकन असते. कॅश क्रेडिटची मर्यादा सरासरी किती टक्के वापरली हेही बऱ्याचदा लिहिलेले असते. ती सतत शंभरीला टेकलेली असेल तर अडीअडचणीला हात घालायला जागा उरलेली नाही. कंपनीच्या नावापुढे ‘माहिती देत नाही’ असा शेरा असेल, तर छोट्या भागधारकाने तिच्यावर विश्वास ठेवण्याचे काही कारण नाही.

जानेवारी 2020 पासून बँकेची परतफेड 30 दिवसांपलीकडे थकली तर सूचीबद्ध कंपनीने 24 तासांत शेअर बाजाराला कळवायचे असते. एवढ्या उशिरा कळण्याची वाट पाहायची नसेल, तर सप्टेंबरचा ताळेबंद दर वर्षी 14 नोव्हेंबरपर्यंत शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर येतो. मार्चचा शेजारी ठेवून तो वाचावा.