चित्र विकलं, कॉपीराइट नाही

परवा जहांगीर आर्ट गॅलरीत एका तरुण चित्रकर्तीशी गप्पा झाल्या. तिचं निसर्गचित्र विकलं गेलं होतं आणि घेणारे विचारत होते, "याची कॅलेंडरं छापली तर चालेल ना?" तिला काय सांगावं तेच कळेना. चित्रकलेवर पोट भरायचं ठरवलेल्या प्रत्येकाला हे माहीत हवंच.

स्वतःच्या मनाने काढलेलं चित्र विकलं तरी कॉपीराइट तुमचाच राहतो. घेणारा ते भिंतीवर लावेल, उद्या विकेलही. पण कॅलेंडर, मग, टी-शर्ट छापायचे तर तुमची परवानगी लागते. कॉपीराइट द्यायचाच असेल, तर तो लेखी आणि तुमच्या सहीनिशीच देता येतो.

ऑर्डरच्या कामाचं मात्र उलटं आहे. कुणी पैसे देऊन पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट त्याचा! १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा. म्हणून मी ॲडव्हान्स घेतानाच पावतीवर लिहितो: "कॉपीराइट चित्रकाराकडे राहील." खाली दोघांच्या सह्या. आजवर कुणीही नाही म्हटलेलं नाही.

कलम ५३अ तर फार थोड्यांना ठाऊक असतं. तुमचं मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून जास्त किमतीला विकलं गेलं, तर त्यात वाटा मागता येतो. प्रत्यक्षात तो मिळवणं अवघड आहे, पण निदान नोंदी तरी ठेवा: फोटो, माप, माध्यम, साल, कुणाला विकलं.

पावतीचा मजकूर हवा असेल किंवा काही शंका असतील, तर कमेंटमध्ये विचारा.