काडी, नळी आणि त्रिकोण

सकाळी ८.००
दौंडच्या सायकल दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूबचं भेंडोळं घेतलं. शेजारच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानदारानं तांब्याच्या तारेचे उरलेले तुकडे बाजूला काढून ठेवले होते, तेही पिशवीत टाकले. मी कुरकुंभजवळच्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेचं बरंचसं सामान अशा दुकानांतून येतं, आणि हे चालतं, हे मला अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांनी शिकवलं.

९.४५
कुरकुंभ एमआयडीसी आली की आधी वास येतो. औषधांचे आणि रसायनांचे कारखाने, गेटवर पाळी बदलणाऱ्यांची गर्दी, पलीकडे सोलापूर महामार्गावरचे ट्रक. वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील या गेटांमधून आत-बाहेर करतात. काही उसाच्या शेतांतली, काही उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्यांची.

१०.२०
परिपाठ. आज बातम्यांऐवजी मी गोष्ट सांगितली. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली बाहेर पडलेला एक तरुण इंजिनिअर पुण्यात टेल्कोत ट्रक बांधणीच्या कामावर लागला. १९७८ साली त्यानं वर्षभराची रजा घेतली आणि तो मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेला. १९७२ पासून तिथल्या खेड्यांतल्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचं काम सुरू होतं. आठवडे बाजारात त्याला सायकलच्या व्हॉल्व्हची काळी नळी दिसली. तिचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून त्यानं जे बांधलं, त्यावर १९८६ साली पुस्तक निघालं. पुढे दूरदर्शनवर त्याची खेळणी देशभर पोचली. २००३ ते २०१४ तो पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होता. २०१८ साली त्याला पद्मश्री मिळाली.
"म्हणजे त्यांनी ट्रक सोडून खेळणी केली?" मागच्या रांगेतून एकानं विचारलं. हो, अरविंद गुप्तांनी अगदी तेच केलं.

११.१५, सहावी
दीड सेंटिमीटरचे नळीचे तुकडे, गूल खरवडलेल्या काड्या. तुकड्याच्या दोन्ही टोकांना काडी खुपसली की सांधा तयार. आधी चौकोन. बोटानं दाबला की तो कलतो, समभुज चौकोन होतो, शेवटी चपटा पडतो. मग त्रिकोण. पोरं दाबून दाबून थकली, पण तो हलला नाही. मी काहीच बोलले नाही. खेळण्याचा हा क्षण शिक्षकानं तोंड उघडून वाया घालवू नये, असं माझं ठाम मत आहे.
पुढची पायरी अवघड. नळीच्या मधोमध बाभळीच्या काट्यानं भोक पाडायचं आणि तिसऱ्या काडीचं अणकुचीदार टोक त्यात घालायचं. काटे मुलांनीच आणले होते; आमच्या बांधांवर त्यांना काय तोटा? अर्ध्या तासात बाकांवर त्रिकोणी मनोरे उभे राहिले. घन मात्र उभा राहीना. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्याला तिरप्या काड्या लावायला पाहिजेत. पप्पा शेडच्या कैच्या जोडतात, त्यात तिरप्या पट्ट्या असतात." तिनं प्रत्येक बाजूला तिरपी काडी मारली. त्या काड्या लांब लागतात, म्हणून तिनं झाडूच्या काड्या मोडून घेतल्या. घन ताठ झाला. वडिलांचं काम तिला आज आतून कळलं, आणि ते तिनं आख्ख्या वर्गाला सांगितलं.

१.४०
पोषण आहार. खिचडी.

२.३०, सातवी
मोटार. एक सेल, दोन सेफ्टी पिना, ट्यूब कापून केलेलं रबर, चुंबक आणि तारेचं कडं. कड्याच्या दोन टोकांवरचं वार्निश तीन बाजूंनी खरवडायचं, चौथी बाजू तशीच ठेवायची. पूर्ण खरवडलं तर एका अर्ध्या फेऱ्यात ढकललेलं कडं पुढच्या अर्ध्या फेऱ्यात मागे ओढलं जातं आणि जागीच हेलकावे खातं. चौथ्या बाजूला वीज तुटते, कडं आपल्या वेगानं पुढे जातं, पुन्हा वीज मिळते. शेतकऱ्यांच्या पोरांना 'मोटार जळाली' हे शब्द पाठ आहेत. नेमकं काय जळतं, ते आज त्यांनी हातात धरलं. वार्निश गेलं की तारेला तार लागते, हे एकानं आपणहून जोडलं.

४.१५
लहानग्यांच्या वर्गात स्ट्रॉच्या पिपाण्या. टोक चपटं करून दोन तिरके काप द्यायचे आणि फुंकायचं. फुंकता फुंकता दुसरं टोक कापत गेलं की आवाज चढत जातो. पंचवीस पोरं एकदम वाजवायला लागल्यावर शेजारच्या वर्गातले सर दारात आले आणि त्यांनीही एक मागून घेतली.

रात्री ८.३०
खेळणी शोधून विकणाऱ्या एका प्रसिद्ध कंपनीबद्दल वाचलं. मार्विन ग्लास यांनी १९४१ मध्ये शिकागोत ती सुरू केली, १९८८ मध्ये ती बंद झाली. 'माऊस ट्रॅप', 'ऑपरेशन' हे खेळ तिथून बाजारात आले. कल्पना चोरीला जाऊ नये म्हणून तिथे कडेकोट गुप्तता. 'ऑपरेशन'ची मूळ कल्पना जॉन स्पिनेलो या विद्यार्थ्याची. ती त्यानं ५०० डॉलरला दिली. त्या लोकांच्या कल्पकतेबद्दल मला आदर आहे, धंद्याला कुलूप लागतं हेही समजतं. तरी माझी निष्ठा दुसरीकडे आहे. गुप्तांनी प्रत्येक खेळण्याची कृती, चित्रं, चित्रफिती संकेतस्थळावर सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवल्या, अनेक भाषांत. वर्गातल्या हिंदी बोलणाऱ्या मुलांना मी त्या हिंदीत दाखवते, मग तीच मुलं बाकीच्यांना मराठीत समजावतात. जे खेळणं उघडून पाहता येतं, मोडता येतं आणि पुन्हा बांधता येतं, तेच मूल स्वतः पुढे नेतं. आजचा तो घन पुस्तकातून आला नव्हता.

९.३०
उद्या शनिवार, सकाळची शाळा. सहावीला काड्यांचे पूल बांधायचे आहेत. पुलाला डबीचं पारडं टांगून त्यात एकेक खडा टाकत जाऊ. ज्या गटाचा पूल जास्त खडे पेलेल, त्यानं तो कसा बांधला ते फळ्यावर काढून बाकीच्यांना सांगायचं. नळीचे तुकडे कापायचे राहिलेत. कात्री घेऊन बसते.