गाठ पुरुषाची, यंत्र स्त्रियांचे

अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळका हे गाव ज्या वाशीम जिल्ह्यात येते, तो जिल्हा १९०५ साली अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत विभागला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्रपणे सरकारदप्तरी दाखल झाला. नेमक्या याच अवधीत, शरीर न चिरता स्तनाचे अंतरंग पाहण्याची विद्या जन्माला येऊन प्रौढ झाली.

बर्लिनचा शल्यविशारद आल्बर्ट सालोमन याने १९१३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरणचित्रे तपासली, १९६० मध्ये ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन याने चित्रणाची पद्धत स्थिर केली आणि त्याच दशकात फ्रान्समध्ये खास या कामाचे यंत्र सिद्ध झाले. या साऱ्या खटाटोपात पुरुष कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत पुरुष एखादाच असल्याने त्यात नवलही नव्हते. नवल आहे ते असे की, ज्याच्यासाठी ही चित्रणविद्या, म्हणजे मॅमोग्राफी, निर्माण झाली नाही त्याच्याच बाबतीत ती अधिक निःसंदिग्ध कौल देते. तरुण स्त्रीच्या स्तनातील दाट ग्रंथी अर्बुदाला आपल्या छायेत दडवतात. पुरुषाच्या छातीत बहुधा नुसता मेद, आणि त्या काळसर पार्श्वभूमीवर, वाढत्या वयातील, उतारवयातील, यकृताच्या विकारातील किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारख्या औषधाने आलेली निरुपद्रवी ग्रंथिवृद्धी स्तनाग्राच्या थेट मागे ज्योतीच्या आकारात पसरलेली दिसते, तर कर्करोगाची गाठ बहुधा किंचित बाजूस सरलेली, काटेरी कडांची असते. पंचविशीच्या आतील मुलाला आधी सोनोग्राफी पुरते. संशय उरलाच तर सुईने तुकडा काढून तपासतात.

जऊळक्यासारख्या वऱ्हाडातील गावच्या रोग्याला एके काळी अशा निदानासाठी मुंबईचा मुक्काम करावा लागे, कारण परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले, तर अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये. जऊळक्यावरून जाणारा मीटरगेज मार्गही २००८ मध्ये रुंद झाला. अंतर घटले, संकोच मात्र फारसा घटला नाही. त्यास एक कारण आमच्या कायद्यानेही नकळत पुरविले आहे : गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या १९९४ च्या कायद्यान्वये प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात तसा फलक लावणे सक्तीचे आहे, आणि बायकांच्या रांगेत, त्या फलकाखाली छातीची गाठ घेऊन बसणे साठीच्या शेतकऱ्याला जड जाते. कायदा योग्यच, पण सदऱ्याआड झाकलेली गाठ पुष्कळदा त्वचेला चिकटल्यावर, स्तनाग्र आत ओढले गेल्यावरच डॉक्टरांपुढे येते. हा विलंब चित्राचा नव्हे.

१९९५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-२ या जनुकाचा शोध पूर्ण झाला, तेव्हा या मामल्याची व्याप्ती आणखी वाढली. त्यातील दोष वंशपरंपरेने आलेल्या पुरुषांपैकी शंभरांत सहा-सात जणांना आयुष्यात केव्हातरी हा रोग होतो. तो दोष अपत्यांत उतरण्याचा संभव निम्मा असल्याने, पुरुषाच्या चित्रात कर्करोग ठरला की डॉक्टर आता त्याच्या बहिणी आणि मुली यांचीही विचारपूस करतात.