बिल्ला केवढा, चित्र केवढे!

भांडे घेताना आपण त्यावर टिचकी मारून पाहतो, नारळ घेताना तो कानाशी हलवून पाहतो, आणि सोने तर तराजूत पडल्याखेरीज कुणी घेतच नाही. अशी चोखंदळ माणसे हल्ली मोबाईलच्या पडद्यावर नुसते चित्र पाहून वाटेल ते मागवतात! चप्पल लहान निघाली तर निदान परत तरी पाठवता येते. पण पणजोबांच्या पलटणीचा बिल्ला घ्यायचा असेल, तर नुसत्या चित्रावर विसंबून चालत नाही. कारण या जिनसेच्या बाबतीत माप ही शोभेची बाब नव्हे. वस्तू कोणती आहे, आणि पुष्कळदा ती अस्सल आहे की नाही, हे मापावरूनच कळू लागते.

हा छंद आता केवळ संग्राहकांचा उरलेला नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या; कूतच्या १९१५-१६ च्या वेढ्यातही त्या होत्या. गेलेल्यांपैकी कुणाची पदके पुढे मोडीत गेली, कुणाची हरवली. आज नातवंडा-पतवंडांना भिंतीवरच्या चौकटीत निदान पलटणीची खूण तरी हवी असते. मग शोध सुरू होतो, आणि पडद्यावर बिगुलाचे एक झकास चित्र दिसते.

बिगूल हे लाइट इन्फंट्रीचे चिन्ह. मराठा लाइट इन्फंट्रीप्रमाणेच इंग्लंडातल्या कित्येक लाइट इन्फंट्री पलटणींनीही तो मिरवला. आता गंमत अशी, की एकाच पलटणीचा बिगूल टोपीवर मोठा असतो आणि कॉलरवर लहान. ब्रिटिश पद्धतीचा टोपीवरचा बिल्ला साधारणपणे ४० ते ५० मिलिमीटरांचा भरतो. कॉलरवरचा त्याहून बराच लहान, जोडीने येणारा, आणि पुष्कळदा एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे तोंड केलेला. याशिवाय तिसराही एक प्रकार आहे. आघाडीवर जाणारे शिपाई आई, पत्नी किंवा प्रेयसी यांना पलटणीच्या चिन्हाची इवलीशी पिन भेट देत. तिलाही चित्रात तोच बिगूल, तीच झळाळी! पडद्यावर तिघांचीही उंची वीतभर करता येते. बोटांनी चित्र मोठे होते, बिल्ला मोठा होत नाही.

याहून मोठी फसगत पदकांत होते. पहिल्या महायुद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ ३६ मिलिमीटर व्यासाचे आहे. समारंभी पोशाखावर लावायची छोटी पदके असतात, त्यांचा व्यास साधारण निम्मा. उलट, युद्धात कामी आलेल्या सैनिकाच्या घरी जो ब्राँझचा गोल स्मृतिफलक पाठवला जाई, तो सुमारे १२० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे तळहात झाकून टाकणारा. क्षेत्रफळाने तो पदकाच्या अकरापट भरतो. काळ्या कापडावर ठेवून फोटो काढला, की पदक आणि फलक दोन्ही सारखीच चौकट भरतात! फलकाच्या लहान नकलाही विकल्या जातात. चौकटीसाठी जागा आखून बसलेल्या माणसाला पार्सल उघडल्यावर काय वाटेल, ते सांगायला नको.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, विक्रेत्याकडून पट्टीशेजारी ठेवलेल्या वस्तूचा फोटो मागवावा. पट्टी आणि वस्तू एकाच पातळीवर हवी आणि कॅमेरा अगदी वरून धरलेला हवा. पट्टी खाली आणि बिल्ला उंच डबीवर असेल, तर बिल्ला फुगून दिसेल. पट्टी नसली तर ओळखीचे नाणे चालते. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरांचे. ते पडद्यावर ५४ भरले आणि बिल्ला ८० भरला, तर बिल्ला खरोखर ४० मिलिमीटरांचा. मात्र ‘नाणे’ एवढ्यावर भागत नाही. ते कोणते, हे कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट, ‘साईज’ म्हणजे कुठून कुठपर्यंत हे विचारावे. पदकाची उंची वरच्या कडीसकट सांगितली आहे की तिच्याशिवाय? बिल्ल्याच्या मागची खोचायची पट्टी खाली डोकावत असेल, तर ती मोजली आहे का? आकडा इंचांत असेल तर २५.४ ने गुणावे. आलेल्या मापाचा कागद कापून हातात घ्यावा. दीड इंच म्हणजे जेमतेम ३८ मिलिमीटर, हे कानाला कळत नाही, कागद पाहिल्यावर डोळ्यांना कळते.

आता अस्सल-नकलेचा प्रश्न. जुने धातूचे बिल्ले बहुधा पोलादी ठशाखाली पत्रा दाबून केलेले असत. नक्कल करणारा पुष्कळदा अस्सल बिल्ल्याचा साचा घेतो आणि त्यात पितळ ओततो. तापलेला धातू निवताना आकसतो. म्हणून अशी ओतीव नक्कल मूळापेक्षा शेकडा एक-दोनने लहान भरते. ४० मिलिमीटरांच्या बिल्ल्यात हा फरक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा. फोटोत तो कधीच दिसणार नाही. व्हर्नियर कॅलिपरने मोजल्यावरच सापडतो. अर्थात केवळ एवढ्यावर निकाल देऊ नये. ठसे वेगवेगळे असत, वापराने कडाही झिजतात. कडांची धार, पाठीमागची बाजू, वजन यांचीही साक्ष काढावी. पण पहिली साक्ष मापाची.

एवढा खटाटोप एका पितळी तुकड्यासाठी कशाला, असे कुणी म्हणेल. त्याने त्या युद्धातले एखादे पदक हातात घेऊन कडेवरून बोट फिरवावे. तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. स्मृतिफलकावर तर हुद्दाही नाही, नुसते नाव. मरणात सगळे सारखे. अशा नावाच्या शेजारी आपण जो बिल्ला लावणार, तो निदान त्या माणसाच्या टोपीवर बसेल एवढा तरी असावा. पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याला एवढेच लिहावे : “पट्टीवर ठेवून फोटो पाठवा.” सचोटीचा विक्रेता तो आनंदाने पाठवील. जो टाळाटाळ करील, त्याच्याकडचा बिल्ला त्याच्याकडेच राहू द्यावा.