तीन सेट, दहा वेळा: हा आकडा आला कुठून?

नागपुरातल्या कुठल्याही जिममध्ये जा. ती धरमपेठेतली काचेची, एसीवाली असो की इतवारीतल्या एका खोलीतली, नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच मंत्र मिळतो: तीन सेट, प्रत्येकी दहा. दहाच का, असं ट्रेनरला विचारलं तर उत्तर येतं, "असंच असते ना भाऊ!" त्याला ते त्याच्या उस्तादाने सांगितलेलं असतं आणि उस्तादाने कधीतरी एखाद्या मासिकात वाचलेलं असतं. त्या आकड्याचा माग काढत गेलं की आपण थेट शिकागोच्या एका लष्करी इस्पितळात जाऊन पोचतो.

दुसरं महायुद्ध संपत आलेलं. गुडघे, मांड्या जायबंदी झालेल्या सैनिकांनी इस्पितळं भरून गेली होती आणि खाटा रिकाम्या होत नव्हत्या. हलक्या हालचाली भरपूर वेळा करायच्या, जड काही उचलायचं नाही, असा उपचाराचा रिवाज होता. थॉमस डिलॉर्म नावाच्या तरुण लष्करी डॉक्टरने तो मोडला. लहानपणीच्या मोठ्या आजारातून उठल्यावर त्याने स्वतःची ताकद वजनं उचलूनच परत मिळवली होती. ही विद्या तेव्हा वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत जवळपास नव्हतीच. ती व्यायामशाळांत होती आणि स्टॉलवर मिळणाऱ्या मासिकांत. डिलॉर्मने सैनिकांच्या पायाला लोखंडी बूट बांधले, आठवड्या-आठवड्याला वजन वाढवत नेलं आणि प्रत्येकाची ताकद मोजून नोंदवली. १९४५ साली त्याने हे सगळं हाडांच्या शस्त्रक्रियेच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापलं. सुरुवातीला तो दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घेत असे. पुढे १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर लिहिताना तीन सेट पुरतात असं त्याने सांगितलं. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं, त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊणपटीने दुसरा, पूर्ण वजनाने तिसरा. बर्डीवरच्या जिमच्या भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्याचं मूळ हे असं इस्पितळातलं आहे.

पण वजन वाढवलं की ताकद का वाढते? इथून पुढे मला तरी थक्क व्हायला होतं. व्यायाम सुरू केल्यावर पहिले काही आठवडे उचललं जाणारं वजन भराभर वाढतं, दंडाला टेप लावली तर मात्र घेर तेवढाच. मोरितानी आणि डिव्रीस या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की ही सुरुवातीची वाढ मुख्यतः स्नायूची नसतेच, चेतासंस्थेची असते. मज्जारज्जूतली एकेक चेतापेशी स्नायूच्या तंतूंचा एकेक जथा सांभाळते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत असा जथा जेमतेम दहा-वीस तंतूंचा, तर पोटरीत एकाच पेशीच्या हुकमाखाली हजाराहून अधिक तंतू. हे जथे कामाला लागतात तेही ठरलेल्या क्रमाने, आधी लहान, मग मोठे. एल्वुड हेनमन या शास्त्रज्ञाने हा क्रम शोधून काढला. लग्नघरात पातेलं हलवायचं असेल तर आधी पोरंटोरं पुढे होतात. पातेलं जागचं हललंच नाही, तर मग मांडवाबाहेर पान जमवत बसलेल्या पैलवान मामांना हाक जाते. स्नायूतले मामा, म्हणजे सर्वांत दणकट जथे, उठतात ते एक तर वजन जड असेल तेव्हा, नाहीतर हलक्या वजनाने थकत थकत शेवटच्या दोन-तीन वेळांवर आल्यावर. दहापैकी पहिले सात सहज निघत असतील तर खरं काम शेवटच्या तिनांत होतं.

हे कळलं की मासिक निवडण्याची एक कसोटी आपोआप हाती येते. लेखात वजन किती, ते किती आठवड्यांत किती वाढवायचं, मध्ये विश्रांती किती, आणि हे कुणावर करून पाहिलं, यातलं काही दिलंय का? की फक्त तेल चोपडलेल्या दंडाचा फोटो आणि "महिन्यात कायापालट"?

हा फोटोवाला प्रकार आजचा नाही. युजेन सँडोने १८९८ साली लंडनमध्ये व्यायामाचं मासिक काढलं. हाच सँडो पुढे १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात खेळ करून गेला. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅलन कॅल्व्हर्टची बारबेल बनवणारी कंपनी होती, आणि १९१४ मध्ये त्याने 'स्ट्रेंथ' मासिक काढलं ते ती बारबेल खपावी म्हणून. बॉब हॉफमनचं 'स्ट्रेंथ अँड हेल्थ' १९३२ चं. त्याचाही बारबेलचा कारखाना होता, आणि पुढे त्याच पानांतून प्रोटीनची भुकटी विकली गेली. माँट्रियलच्या जो वीडरने १९४० मध्ये सुरू केलेलं मासिक नावं बदलत बदलत 'मसल अँड फिटनेस' झालं. त्याचीही पूरक आहाराची कंपनी होती. म्हणजे सल्लागार आणि दुकानदार एकच. तरीही त्या पानांत काहीच नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. डॉक्टर ज्या गोष्टीला घाबरत होते, ती या दुकानदारांनी आधी छापली. मासिक वाचावं, पण जाहिरातीची पानं मोजून वाचावं, असं माझं मत.

आपल्याकडे मात्र दुकान बाजूला ठेवून छापण्याची परंपरा झाली आणि तिचं मला अधिक अप्रूप आहे. बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिरात माणिकराव यांच्या हाताखाली तयार झालेले गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ मध्ये लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम काढलं आणि त्याच साली 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. त्यात शास्त्रीय विभाग वेगळा, सामान्य वाचकांचा वेगळा. नौली ही पोट घुसळण्याची योगक्रिया करताना आतड्यातला दाब किती उतरतो हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं. ज्या काळी योग म्हणजे चमत्कार किंवा थोतांड एवढे दोनच पक्ष होते, त्या काळी हा माणूस आकडे छापत होता.

त्याच बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' संपादित केला. १९३६ ते १९४९ या काळात दहा खंड, सगळे मराठीत! गुरू गेला की विद्या गेली, अशी स्थिती असलेलं तालमींतलं ज्ञान त्यांनी कागदावर उतरवलं. योगायोग असा की पहिल्या खंडाच्या वर्षी, १९३६ मध्येच, नागपूरपासून दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीहून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं करून आलं. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेली ही संस्था.

जुन्या पद्धतीचं एक दुखणं मात्र सांगायला हवं. जोर काढताना हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार येतो आणि शरीर तर रोज वाढत नाही. त्यामुळे पन्नासाचे शंभर, शंभराचे दोनशे जोर झाले की दम वाढत राहतो, ताकदीची वाढ मंदावते. आखाड्यातल्या उस्तादांनी यावर उपाय काढला होता तो मुद्गल आणि करेल ही फिरवायची वजनं जड करत नेण्याचा. डिलॉर्मचंच तत्त्व, फक्त त्याने ते वहीत मांडलं.

परदेशी मासिकातलं वेळापत्रक नागपूरच्या मे महिन्यात जसंच्या तसं उचलू नका. पारा पंचेचाळीसच्या वर असताना पत्र्याखालच्या जिममध्ये दुपारी तासभर वजनं मारणं ही बहादुरी नव्हे. पहाटे जा, पाणी प्या, उष्म्याच्या दिवसांत सेट कमी करा. भुकटीच्या डब्यावर खर्च करण्याआधी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेला सल्ला वाचा. स्नायू कमावण्यासाठी प्रोटीनच्या भुकट्या टाळा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तर्री-पोह्यांतले चणे, दही, डाळ, अंडी हे सगळं आपल्याकडे आहेच. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस पासष्टीच्या पुढच्यांनाही लागू आहे, त्यामुळे आजीलाही सोबत न्या. फक्त रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वाचायचंच असेल तर टेक्सास विद्यापीठातून १९९० पासून निघालेलं 'आयर्न गेम हिस्टरी' इंटरनेटवर फुकट मिळतं. वजनांच्या जगाचा इतिहास त्यात साधार लिहिलेला आहे. आणि एक विनंती. महालातल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटीत, 'व्यायाम ज्ञानकोशा'चा एखादा खंड किंवा व्यायामाच्या जुन्या अंकांचा गठ्ठा सापडला तर तो रद्दीवाल्याला देऊ नका. सीताबर्डीच्या राजाराम वाचनालयात नाहीतर तुमच्या जवळच्या वाचनालयात आधी विचारा.